तात्या, तुम्ही मला पुणं दाखवलंत

तीर्थरूप तात्यांस,

मायना मुद्दाम आखूड ठेवला आहे. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, आशीर्वादाची अपेक्षा, हे सगळं लिहायला तुम्हीच शिकवलंत. पण आज त्यातलं एकही अक्षर हातून उतरत नाही. जे उतरेल ते लिहिते.

दादा काल सकाळी आला. शनिवार पेठेतून इथं नारायण पेठेत यायला असा कितीसा वेळ लागतो? पण चेहरा असा, की थेट कोकणातूनच चालत आला असावा. ओसरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "यमे, आंघोळ करून घे. तात्या गेले."

मी आंघोळ केली. लेक परक्या घरची, म्हणून तिला सुतक तीनच दिवसांचं. मला मागच्या खोलीत बसवलं आहे. बाजूला बसायचे दिवस बाईला नवे नाहीत, पण एरवी तेव्हाही निवडणं-टिपणं पुढ्यात येऊन पडतंच. या वेळी कोणी काही सांगत नाही. जाऊबाई ताट सरकवतात आणि न बोलता जातात. आज सकाळी तुमचे जावई कागद आणि बोरू दाराशी ठेवून गेले. म्हणाले, "मन लागत नसेल तर एखादं स्तोत्र लिहून काढ."

स्तोत्रच लिहायला घेतलं आहे, तात्या. तुमचं. तुम्ही गेलात त्या गावी जासूद जात नाही, हे ठाऊक आहे. तुम्ही होतात तेव्हा तरी माझं म्हणणं तुमच्यापर्यंत कुठं पोचत होतं? तेव्हा त्याची फिकीर आज नको.

आठवतं तुम्हाला? मी नवव्या वर्षात होते. आई बाळंतपणातून नुकतीच उठली होती, बाळू अंगावर होता. तुम्ही ओटीवरून आत येत म्हणालात, "यमीला पुणं दाखवून आणतो. दादाच्या कामाचं बघायला जातोच आहे."

आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीला घाट कशाला चढवता?"

"दमली तर खांद्यावर घेईन. चार दिवसांत परत आणतो."

आईनं फणसपोळी फडक्यात बांधून दिली. माझी वेणी घालताना मात्र तिचा हात जड होता. केस ओढले जात होते, मी तक्रार केली, तर म्हणाली, "गप्प बस. पुण्याला निघालीस ना?" मला वाटलं, तिला यायला मिळत नाही म्हणून ती रागावली आहे.

वाट मला अजून पायाखालच्या दगडासारखी आठवते. तुम्ही किती बोलत होतात त्या वाटेवर! घरी तुम्ही असे कधी बोलला नव्हतात. पुण्यात हत्ती रस्त्यानं चालतात, म्हणालात. वाड्यांवर वाडे आहेत, आणि श्रीमंतांच्या वाड्याच्या दाराला हातभर लांबीचे खिळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. मी विचारलं, "मग हत्ती आपलेच ना? ते कशाला धडक देतील?" तुम्ही इतके हसलात की चढणीवर थांबावं लागलं. वाटेतल्या माणसांना सांगत होतात, "लेकीला पुणं दाखवायला नेतोय." त्यांना किती कौतुक वाटत होतं तुमचं.

लकडी पुलावरून आपण आलो. मुठेला पाणी बेताचंच होतं. तुम्ही मला पुलाच्या कठड्याशी उभं करून म्हणालात, "हे बघ, आलं पुणं." आणि मग जिथं उतरलो, ते हे घर. याच घरी, तात्या. "आपले स्नेही आहेत," एवढंच सांगितलंत.

या घरातल्या बाईंनी मला पाटावर बसवून तूप जास्त वाढलं. मी कशी जेवते, कशी उठते, ताट उचलते की नाही, हे त्या बघत होत्या. मला वाटलं, पुण्याची माणसं प्रेमळ असतात. त्यांचा मुलगा फडावरून, श्रीमंतांच्या कचेरीतून, आला. चांगला मिशा असलेला, कानशिलावर एखाददुसरा पांढरा केस असलेला गृहस्थ. त्यानं मला खोबऱ्याची वडी दिली. मी म्हटलं, "काका, एक तात्यांनाही द्या."

तुम्ही हसलात. तुम्हाला हसू कसं आलं, हे मला पुढं कित्येक वर्षं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कसबा गणपती, मग बुधवारातला बाजार. बाजारात तुम्ही माझ्यासाठी काचेचे लाल मणी घेतलेत. संध्याकाळी शनिवारवाड्यापुढं गेलो. नगारखान्यातून चौघडा वाजत होता. दाराचे खिळे मी मोजायला लागले आणि चुकले, तेव्हा तुम्ही मला उचलून घेतलंत. खरंच हत्ती आला. त्याच्या पाठीवर झूल होती आणि तो इतका हळू चालत होता की जणू त्याला कुठंच जायचं नव्हतं. मी तुमच्या मानेला घट्ट मिठी मारली. तुम्ही म्हणालात, "भितेस कशाला? मी आहे ना."

तिसऱ्या दिवशी पर्वती. आधी पायथ्याला श्रीमंतांची जनावरं बघितली. वाघ पिंजऱ्यात झोपला होता. मला तो उठायला हवा होता. तुम्ही म्हणालात, "त्याला दोन वेळचं मिळतंय, कशाला उठेल?" पायऱ्या चढताना माझे पाय दुखले, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. वरून सगळं पुणं दिसलं. कौलं, झाडं, नदी, धूर. मी विचारलं, "तात्या, आपलं घर कुठल्या बाजूला?" तुम्ही पश्चिमेकडं हात केलात आणि बराच वेळ तो खाली घेतला नाहीत.

सांगू का? माझ्या उभ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले तीन दिवस होते. हेच तर तुमच्यावरचं माझं मुख्य गाऱ्हाणं आहे. तुम्ही मला फरपटत आणलं असतंत, मारलं असतंत, तर मी तुम्हाला कधीच विसरून गेले असते.

चौथ्या दिवशी सकाळी त्या बाईंनी मला तेल लावून न्हाऊ घातलं. हळद लावली. हिरव्या बांगड्या भरल्या. मला बांगड्या फार आवडल्या. मी तुम्हाला दाखवायला धावत ओसरीवर आले, तर तुम्ही सोवळं नेसून बसला होतात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "छान आहेत."

मग दोन भटजी आले. पाट मांडले. माझ्या पुढं अंतरपाट धरला. लग्नं मी गावात पाहिली होती, तात्या, मी काही अगदीच दुधखुळी नव्हते. पण लग्न म्हणजे मामा येतो, आई रडते, मैत्रिणी असतात. इथं यातलं कोणीच नव्हतं. म्हणून मला वाटलं, ही कसलीतरी पूजा असेल. अंतरपाट बाजूला झाला आणि समोर ते काका उभे होते, डोक्याला मुंडावळ्या बांधून.

मी तुम्हाला विचारलं, "आई कुठं आहे?"

भटजींनी तुमच्या कनवटीकडं बोट केलं. तिथं सुपारी खोचली होती. म्हणाले, "बायको जवळ नसली की तिच्या जागी सुपारी चालते, मुली. शास्त्र आहे."

शास्त्रात सगळ्याची सोय असते. मुलीच्या जागी काय चालतं, ते मात्र मी विचारायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही उपरणं खांद्यावर टाकलंत. मी मागं लागले. तुम्ही म्हणालात, "ओंकारेश्वराला जाऊन येतो. तू इथंच बस." मी ओसरीच्या कडेला बसले. ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं. जेवायला हाक आली, मी गेले नाही, तात्या आल्यावर जेवेन म्हटलं. दिवेलागणीला सासूबाई बाहेर आल्या. त्या वाईट नव्हत्या, पण पुण्याच्या होत्या. म्हणाल्या, "आत ये, सूनबाई. तुझा ओंकारेश्वर एव्हाना घाटाला लागला असेल."

महिन्याभरानं दादा पुण्यात आला. फडावर उमेदवारीला लागला. मला केवढा आनंद झाला होता! भाऊ इथं, आता आपण एकट्या नाही. तो आठवड्याला येऊन जाई. एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं, तेव्हा सासूबाई बोलून गेल्या, "भावाच्या चाकरीपायी आलेली सून, तिला दुधाची काय किंमत?"

मी त्याचा अर्थ दादाला विचारला. सोळा-सतरा वर्षांचा पोर तो. त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, "यमे, तुझ्या गळ्याची शपथ, मला ठाऊक नव्हतं. मला तात्या म्हणाले, भावजींनी आपणहून बोलावलंय."

त्याच्यावर मी विश्वास ठेवला. कोणावर तरी ठेवायलाच हवा होता. पण ती चाकरी त्याला कधी गोड लागली नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. त्याचं अक्षर सुरेख म्हणून फडावर नाव आहे. आणि इथं येतो तेव्हा अजूनही माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाही. एका सौद्यात तुम्ही दोन मुलं घालवलीत, तात्या. तुम्हाला वाटलं, एकच दिली.

आता आईचं सांगते. तुम्हाला तिनं सांगितलं नसणार, कारण तुमच्याशी ती बोलतच नव्हती.

दोन वर्षांनी दादा सुट्टीवर घरी गेला, आणि परतताना त्याच्याबरोबर ती घाट चढून आली. बाळूला शेजारी ठेवून. सासूबाईंनी मला एका दिवसासाठी तिच्याबरोबर सोडलं. मला वाटलं होतं, ती मला पोटाशी धरून रडेल. तिनं मला नीट न्याहाळलं, केस चाचपून पाहिले आणि म्हणाली, "त्यांनी तुला काय काय दाखवलं, ते मला दाखव. त्याच क्रमानं."

मी दाखवलं. आम्ही दोघी पुढं आणि दादा मागं. कसब्यात ती म्हणाली, "इथं तुला काय म्हणाले?" मी सांगितलं. बुधवारात मण्यांचं दुकान दाखवलं. "इथं काय म्हणाले?" वाड्यापुढं आलो. चौघडा वाजत होताच. "इथं?"

"म्हणाले, भितेस कशाला, मी आहे ना."

आईनं त्या खिळ्यांच्या दाराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती. माझं सगळं पुणं तिनं माझ्या तोंडावरच बघितलं असावं.

पर्वतीच्या पायथ्याशी मी विचारलं, "आई, वाघ बघायचा?" म्हणाली, "वाघाचं मला कौतुक नाही. आपल्या गोठ्यापर्यंत येतो तो. निदान आधी डरकाळी फोडून येतो."

वर देवळाशी पोचलो. ती देवाच्या दारात गेली, पण हात जोडले नाहीत. कट्ट्यावर बसली. तिथं तिनं मला सगळं सांगितलं. पुण्याच्या बिजवराचं बोलणं वर्षभर चाललं होतं. ती नाहीच म्हणत होती. शेजारच्या गावात तिनं एक मुलगा मनात धरला होता. बारा-तेरा वर्षांचा, तिच्या मैत्रिणीचा. तुम्ही अखेर तिला म्हणाला होतात, "बरं, राहिलं पुणं." आणि त्यानंतर आठवड्यानं तुम्ही मला पुणं दाखवायला निघालात.

"मला तेव्हाच शंका आली होती," आई म्हणाली. "वेणी घालताना हात जड झाला होता. पण मी मनाला म्हटलं, बाप आहे. बाप असं करील का?"

मग तिनं विचारलं, "या पायऱ्या चढताना तू हसत होतीस?"

"हो."

"खूप?"

"हो, आई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. वाटेत फक्त एवढंच म्हणाली, "माणूस मारहाण करत नाही ना?" मी म्हटलं, "नाही." "जेवायला वेळेवर मिळतं?" "मिळतं." संध्याकाळी मला या दारात सोडलं. ती मला शेवटची दिसली ती त्या वळणावर, पाठमोरी. तिच्या आजारात मला कोणी पाठवलं नाही. माझ्या पोटात तेव्हा सगुणा होती.

दादा सांगत होता, घरी परतल्यावर तिनं तुमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. वाढायची, पाणी काढून ठेवायची, पाय दुखले तर चेपायचीसुद्धा. शब्द नाही. तुम्ही गावात सांगत होतात, "हिला पुण्याचं वारं बाधलं."

तुम्ही दर श्रावणात रमण्यावर श्रीमंतांची दक्षिणा घ्यायला येत होतात. येताना या घरीही येत होतात, नाही म्हणत नाही. ओसरीवर जावयाशी बोलत बसायचात, श्रीमंतांच्या दरबारात काय चाललंय, नाचणी कशी पिकली. मी वाढायला आले की मान खाली घालून जेवायचात. "भाजी घ्या." "पुरे." सगळ्या वर्षांत आपल्यात एवढंच संभाषण. लोकांना वाटायचं, केवढा मर्यादशील बाप.

गेल्या श्रावणात तुम्ही आलात तेव्हा मात्र काठी टेकत आलात. घरात कोणी नव्हतं, तुमचे जावई फडावर, जाऊबाई देवळात. मी पाणी दिलं, आणि दारातच बसले. विचारलं, "तात्या, मला सांगितलं का नाहीत?"

तुम्ही भांडं खाली ठेवलंत. कशाबद्दल, असं तुम्ही विचारलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

म्हणालात, "सांगितलं असतं तर रडत आली असतीस. म्हटलं, हसत तरी येऊ दे."

"आणि नंतर?"

"नंतर सगळ्याच मुली रडतात. तुझं काय वाईट झालं? पुण्यात नांदतेस. दादा मार्गी लागला. बाळूचं लग्न झालं. घर वर आलं." मग म्हणालात, "तुझी आई शेवटपर्यंत बोलली नाही माझ्याशी. मरतानासुद्धा भिंतीकडं तोंड करून होती." आणि तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तुमची कीव करावी, अशी तुमची अपेक्षा होती.

मी भांडं माझ्याकडं ओढून घेतलं. तेव्हा तुम्ही अगदी हळू म्हणालात, "तुला खांद्यावर घेऊन पर्वती चढत होतो ना, तेव्हा दोनदा वाटलं, परत फिरावं."

"मग?"

"मग वर पोचलो."

एवढंच. तात्या, मी रात्रंदिवस त्या दोन शब्दांशी भांडते आहे. वर पोचलो! पायऱ्या काय उतरता येत नाहीत? खाली उतरून सरळ लकडी पुलाची वाट धरायची होती. माझं वजन ते केवढं होतं? फडक्यातली फणसपोळीही अजून संपली नव्हती. आपण वाटेत तीच खात घरी गेलो असतो.

तुम्ही गेलात त्यावर मी रडले की नाही, असं दादानं काल विचारलं. रडले. पण कशासाठी, ते मला ठरवता आलं नाही. मणी घेऊन देणारा बाप गेला म्हणून, की तो खोटा होता हेही आता कोणाला ऐकवता येणार नाही म्हणून?

इथवर लिहून मी काल बोरू खाली ठेवला होता. पत्र इथंच संपलं असतं. पण आज सकाळी एक गोष्ट झाली, आणि ती तुमच्याच कानावर घालायला हवी.

सगुणा आता नऊ वर्षांची आहे. तिची दोन भावंडं जगली नाहीत, ही एकच राहिली. तुमचे जावई आज दाराच्या चौकटीबाहेर उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "साताऱ्याकडचं एक स्थळ चालून आलंय. मंडळी मोठी आहेत. मुलगा जरा वयानं पुढं आहे, पण आहे करता-सवरता. सुतक फिटलं की सगुणेला माहुलीला देवदर्शनाला म्हणून नेतो. तिथंच ते बघतील. पोरीला आत्ताच काही बोलू नकोस. उगीच भेदरेल."

मी उठले. सुतकात होते म्हणून उंबरा ओलांडला नाही, एवढंच.

म्हटलं, "तिला सांगूनच न्यायचं. तसं नसेल तर ती या घरातून हलणार नाही."

माझ्या तोंडून असा सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? तुला नव्हतं का आणलं तुझ्या वडिलांनी?"

"मला सांगून आणलं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी पुणं बघायला आले होते. अंतरपाट निघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं."

तात्या, तुमचे जावई भिंतीला हात टेकून उभे राहिले. साठीकडं झुकलेला माणूस तो. म्हणाले, "मला तात्यांनी सांगितलं होतं, पोर फार हौशी आहे. पुण्यालाच द्या म्हणून तिनंच हट्ट धरलाय. तू मला काका म्हणालीस, तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं होतं. ते म्हणाले, लाजते. मी म्हटलं, मुलगी राजी आहे ना, मग माझ्या वयाचं तिला काही वाटत नसेल."

"इतक्या वर्षांत एकदा मला विचारायचं होतं," मी म्हटलं.

"तू कधी तक्रार केली नाहीस."

"मला वाटलं, सगळ्यांनी मिळून केलंय. तक्रार कोणाकडं करायची?"

ते खाली बसले, ओल्या जमिनीवर, पगडी हातात घेऊन. त्यांना पाणी द्यायलाही मला हात लावता येत नव्हता. आम्ही दोघं एका उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि पहिल्यांदाच एकमेकांना काही विचारत होतो. तेही तुम्ही मेल्यावर.

म्हणजे मला फसवलंत, आईला फसवलंत, दादाला, आणि त्यांनाही. तेवढ्यानं भागलं नाही. माझ्या तोंडी हट्टसुद्धा घातलात. मी जन्मात कधी हट्ट धरला नव्हता, तात्या. एकदाच धरला म्हणे, आणि तोही तुम्हीच.

दुपारी मी सगुणेला हाक मारली. ती लांब, खांबाशी बसली. तिच्या वडिलांकडून काढून घेतलेलं सगळं स्थळ मी तिला सांगितलं. गाव सांगितलं, घरात माणसं किती ते सांगितलं, त्याची पहिली बायको कशानं गेली ते सांगितलं.

तिनं विचारलं, "तो केवढा आहे?"

"तुझ्या मामाएवढा."

ती हिशेब करत राहिली. मग म्हणाली, "मामा तर म्हातारा आहे."

"हो."

"आणि मी नको म्हटलं तर?"

तिच्या डोळ्यांत धूळ फेकायला दोन गोड वाक्यं मला सुचली होती. तुमचीच लेक आहे मी, ती कला मलाही येते. ती गिळली आणि म्हटलं, "तू नको म्हणालीस तर मीही नको म्हणेन. आपल्या दोघींचं किती चालेल, ते मला ठाऊक नाही. कदाचित चालणार नाही. पण तुला न सांगता काही होणार नाही."

ती रडली. खांबाला टेकून चांगली दणकून रडली. मी तिला जवळ घेऊ शकत नव्हते, फक्त बघत राहिले. बाहेर ओसरीवर तिचे वडील होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. संध्याकाळी ते जाऊबाईंना म्हणाले, ते मी आतून ऐकलं, "साताऱ्याला निरोप पाठवायची घाई नको." एवढंच म्हणाले. उद्या काय म्हणतील ते सांगता येत नाही. मोठी मंडळी आहेत, फडावर त्यांचं वजन आहे.

उद्या सुतक फिटेल. दादा घाट उतरून दहाव्याला जाणार आहे, बाळूबरोबर तुमचं सगळं यथासांग करील. कावळा शिवायला वेळ लावेल कदाचित. दादानं विचारलं, "तुझं काही सांगू का तिथं?" मी नको म्हटलं. माझं जे काही आहे ते मी इथं लिहिलं आहे.

एक वचन मात्र देते, तुम्हाला हवं असो वा नसो. सगुणा या घरातून ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी ती कुठं चालली आहे हे तिला ठाऊक असेल. तिच्याबरोबर मी जाईन. नेलं नाही तर पायी जाईन, माझ्या जागी कोणालाही सुपारी खोचू देणार नाही. ती वाटभर रडली तर रडू देईन. आणि वाटेत कुठंही तिला मागं फिरावंसं वाटलं, तर मी तिच्याबरोबर मागं फिरेन. मग पुढं माझं जे व्हायचं ते होवो.

यमुना